जिवंत माणसाचा फोटो

एसटीत तीन-चार फुटांचा पीव्हीसी पाइप छातीशी धरून बसलेला माणूस दिसला, की तो बोअरच्या कामाला निघालाय असं आमच्याकडे कुणीही समजेल. आमच्या सरांच्या पाइपात फोटो असायचे. पुण्यात त्यांचा एक ठरलेला छापणारा होता. तो कापसाच्या जाड कागदावर काळे-पांढरे फोटो मोठ्या आकारात छापून द्यायचा. सर ते गुंडाळून पाइपात सरकवायचे, दोन्ही तोंडांना झाकणं लावायचे आणि अंबाजोगाईची गाडी धरायचे. कंडक्टरनं विचारलं, "काका, किती एचपीची मोटर बसवायलाव?" तर हे शांतपणे सांगायचे, "मोटर न्हाई बाबा, माणसं हायेत आत." मग शेजारचा प्रवासी जरा सरकून बसायचा.

त्यांनी आयुष्यात कुणाला काही शिकवलं नव्हतं. आमच्याकडे एखादा माणूस काय करतो ते कळेनासं झालं, की त्याला सर म्हणायची पद्धत आहे.

माझं अंबाजोगाईच्या बाजारात फ्रेमचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. धंदा सरळ आहे. लोक देव घेऊन येतात, लग्नाचे फोटो घेऊन येतात, नाहीतर मयताचा फोटो घेऊन येतात. देवाला सोनेरी पट्टी लागते, लग्नाला नक्षीची, मयताला काळी. गिऱ्हाईक पायरी चढतानाच्या चेहऱ्यावरून मी पट्टी काढून ठेवतो. सर पहिल्यांदा आले तेव्हा त्यांच्या हातात एका म्हाताऱ्या पैलवानाचा फोटो होता. काळा-पांढरा, हाताच्या लांबीएवढा. मिशा, चुरगळलेले कान, आणि नजर अशी की दुकानातले सगळे देव बाजूला व्हावेत. त्यांनी काळी पट्टी मागितली. मी सवयीनं आवाज खाली आणला आणि विचारलं, "कधी झालं?"

"काय कधी झालं?"

"न्हाई, म्हंजे... दहावा कधी हाय? त्या हिशेबानं देतो करून."

सरांनी मला दारापर्यंत नेलं आणि समोर बोट दाखवलं. रस्त्यापलीकडच्या टपरीवर तोच पैलवान बशीत चहा ओतून फुर्र फुर्र पीत होता. "ते चहा पिऊन ऱ्हायलेत," सर म्हणाले. "तू तुझं काम कर बे."

ही आमची ओळख. त्यानंतर त्यांच्या सगळ्या फ्रेमा मीच केल्या, शिव्या खात खात. पांढरी किनार चहूबाजूंनी सारखी हवी, काचेवर बोटाचा ठसा नको, मागच्या बाजूला सुद्धा कागद स्वच्छ हवा. कापसाच्या कागदाला हात लावायचा तर पांढरे हातमोजे घालायचे, मलाही घालायला लावायचे. एप्रिलच्या उन्हात पत्र्याखाली आम्ही दोघं हातमोजे घालून बसलेलो दिसलो, की जाणारे-येणारे विचारायचे, "बँड कुणाच्या लग्नात हाय?"

या आधी त्यांचा घाटनांदूरला लग्नाच्या फोटोंचा स्टुडिओ होता आणि तो चांगला चालायचा. ऐन सराईत एके दिवशी त्यांनी शटर ओढलं ते ओढलंच. मी कारण विचारलं. म्हणाले, "लग्नात कुणी कुणाकडं बघत न्हाई. नवरी नवऱ्याकडं न्हाई, माय लेकीकडं न्हाई. समदे माझ्याकडं बघत्यात. मला त्याचा कंटाळा आला." वहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, हे कारण शेवटपर्यंत पटलं नाही. त्या म्हणायच्या, "बघू द्यावं की लोकाला. बघायचे पैसे मिळत होते."

नंतर ते गावोगाव फिरून माणसांचे फोटो काढायला लागले. सिरसाळ्याच्या बाजारातला पोती शिवणारा, पाणवठ्यावर धुणं धुणारी आजी, पारावर पत्ते कुटणारे. फोटोसाठी कुणाला हस म्हणायचे नाहीत. माणूस कंटाळून विसरून जाईपर्यंत समोर बसून राहायचे. असे फोटो विकत घेणारे लोक असतात हे मला त्यांच्याकडूनच कळलं. मोबाईलवर टाकलेले फोटो बघून पुण्याचे, मुंबईचे, बंगळूरचे लोक मागवायचे. सरांची रीत अशी, की एका फोटोचे पाचच प्रिंट निघायचे. प्रत्येकाखाली पेन्सिलीनं सही आणि आकडा, पाचातला पहिला, पाचातला दुसरा. पाचवा गेला की त्या फोटोची फाईल कायमची पुसायची, आणि तीसुद्धा माझ्यासमोर, म्हणजे साक्षीदार राहतो. मी म्हणायचो, "सर, कम्प्युटरमधून शंभर निघत्यात की. कुणाला कळायलंय?"

"मला कळायलंय की बे. सहावा काढला की पहिल्या पाचजणाला फशिवलं."

गॅलरीवाल्यांशी त्यांचं कधी पटलं नाही. कारण एकच, गॅलरीवाले गिऱ्हाइकाची भिंत दाखवायचे नाहीत. कुणी किंमत विचारली की सर आधी विचारायचे, "लावणार कुठं?" त्या भिंतीवर ऊन येतं का, शेजारी कॅलेंडर आहे का, खाली टीव्ही आहे का. टीव्ही असला तर फोटो मिळायचा नाही. मोबाईलवर भिंतीचा फोटो मागवायचे आणि तो मला दाखवून म्हणायचे, "ह्या माणसाची भिंत बरी हाय, पण मन लागत न्हाई तिथं." असला दुकानदार उपाशी मरायचा, पण दुनियेत त्यांच्यासारखेच काही वेडे होते म्हणून चाललं.

एवढे फोटो बाहेर गेले, पण आमच्या जिल्ह्यात एकही विकला गेला नाही. हीच त्यांची खंत होती आणि ती ते लपवत नसत. दुकानात बसून माझ्यावरच चिडायचे. "पुण्यातला माणूस आपल्या पैलवानाला बैठकीत लावतो, बघत बसतो. आन् इथं? इथं माणूस भिंतीवर जायचा तर आधी मरावं लागतंय. एक घर, बे. ह्या जिल्ह्यातलं एक घर मला पाहिजे, जिथं जिवंत माणसाचा फोटो हाय आन् त्याला हार न्हाई." मी हो हो करायचो. माझं अर्धं दुकान हारवाल्या फोटोंवर चालत होतं, मी काय बोलणार?

एकदा संधी आली होती. एका पुढाऱ्याचा कार्यकर्ता गाडी घेऊन आला. साहेबांच्या नव्या बंगल्याच्या हॉलसाठी पोती शिवणाऱ्याचा फोटो पसंत केला. भिंत चांगली, टीव्ही दुसऱ्या खोलीत, सगळं जमलं. जाता जाता तो म्हणाला, "फक्त वर कोपऱ्यात साहेबांचा गोल फोटो टाकून द्या. हात जोडलेला. आन् जमलं तर कलर करा." सरांनी हातमोजे काढले, घडी घातली आणि त्याला पाणी विचारलं. पाणी पिऊन तो गेला. मी म्हटलं, "सर, कोपराच तर होता." त्यावर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

त्यांचा सगळ्यात चांगला फोटो वहिनींचा होता. चुलीपुढून उठून दारात आलेल्या, एक हात चौकटीला, दुसऱ्या हाताला पीठ, आणि कॅमेऱ्याकडे नव्हे, कॅमेरा धरणाऱ्याकडे जळजळीत बघतायत. रागातच आहेत, पण अशा रागात की ज्याच्यावर रागावल्यात त्याच्याशिवाय जगात दुसरं कुणी नाही. मी आयुष्यभर चेहरे चौकटीत बसवले, मला एवढं कळतं. त्याचे चार प्रिंट बाहेरगावी गेले. पाचवा सरांनी घरासाठी ठेवला, मी त्याला माझ्याकडची उत्तम काळी पट्टी लावली. पण वहिनी तो घरात लावू देईनात. बघायलासुद्धा तयार नाहीत. सरांनी फ्रेम पुढं धरली की तोंड फिरवायच्या.

"मी जित्ती हाय न् मला भिताडावर टांगताव?"

"अगं, फोटो हाय तो."

"मलाबी कळतंय काय हाय ते. माझ्या सासूला टांगलं, सासऱ्याला टांगलं. त्यांच्या रांगंला मला आत्ताच नका बसवू."

हे भांडण वर्षानुवर्षं चाललं. ती फ्रेम कधी त्यांच्या घरात माळ्यावर, कधी माझ्या दुकानात कापडात गुंडाळलेली असायची.

मग त्यांनी अंबाजोगाईत प्रदर्शन भरवायचं ठरवलं. आषाढात लग्नं नसतात, त्यामुळे मंगल कार्यालय रिकामं होतं. आम्ही दोघांनी भिंतींवर तीसेक फोटो लावले. मधोमध वहिनींचा. वहिनी नको नको म्हणत होत्या, पण नवऱ्याचं पहिलंच आपल्या मुलखातलं प्रदर्शन म्हणून गप्प बसल्या, आणि येणाऱ्यांना चहा करायला कार्यालयाच्या स्वयंपाकघरात गेल्या. दहा वाजता लोक यायला लागले. सर दारात नवा सदरा घालून उभे. आणि मी बघतो तर काय, प्रत्येकजण दाराबाहेर चपला काढतोय. आत येऊन गप्प उभा राहतोय. काहींनी हात जोडले. एका काकूंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "एवढे समदे एकदमच गेले का रे? कशानं?" दुपारपर्यंत पैलवानाच्या फ्रेमखाली कुणीतरी झेंडूची दोन फुलं ठेवून गेलं होतं. सर ती उचलायचे, खिशात टाकायचे, आणि सगळ्यांना सांगत सुटायचे, "जिवंत हायेत हो. समदे जिवंत हायेत." लोक मान हलवायचे, जशी दुःखातल्या माणसापुढं हलवतात.

एवढ्यावर निभावलं असतं. पण कुणीतरी हॉलचा फोटो मोबाईलवर फिरवला. मधोमध काळ्या चौकटीत वहिनी, समोर हात जोडलेली माणसं. तो फिरत फिरत वहिनींच्या माहेरी, सिरसाळ्याला गेला. भावांनी फोन लावले. सरांनी प्रदर्शनासाठी फोन बंद ठेवला होता, वहिनींचा घरी राहिला होता. चारच्या सुमारास कार्यालयापुढं जीप थांबली आणि तिच्यातून बायकांचा हंबरडा उठला. थोरला भाऊ टोपी हातात घेऊन आत आला आणि फोटोपुढं मटकन खाली बसला. "आक्का, कावून गं असं केलंस? सांगावाबी न्हाई धाडला," असं म्हणून ढसाढसा रडायला लागला.

त्याच वेळी वहिनी चहाचा ट्रे घेऊन आतून आल्या.

त्यांची चुलती जागच्या जागी कोसळली. कुणी पाणी मारलं, कुणी कांदा हुंगवला. शुद्धीवर आल्यावर म्हातारी वहिनींचे गाल चाचपत म्हणाली, "आवई उठली की आयुष्य वाढतं बाई. शंभर वर्सं जगशील." तेव्हा जरा हशा झाला. पण वहिनी हसल्या नाहीत. माहेरची माणसं आपल्या नावानं रडताना त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांनी ट्रे ठेवला, खुर्चीवर चढून स्वतःचा फोटो खिळ्यावरून काढला आणि तोंड भिंतीकडे करून खाली उभा केला. सरांना फक्त एवढंच म्हणाल्या, "हे इका. कुणालाबी इका. पर माझ्या घरात आणू नका."

सरांनी ऐकलं. पुण्याच्या एका निवृत्त बाईंना तो पाचवा प्रिंट विकला. आणि रीतीप्रमाणे फाईल पुसायला माझ्या दुकानात आले. कम्प्युटरमधून पुसली, मग ज्या हार्ड डिस्कच्या डबीत दुसरी प्रत होती ती माझ्याच हातोडीनं फोडली. मी म्हटलं, "सर, ह्या एकीचं ठेवा. घरचं माणूस हाय." ते म्हणाले, "घरच्या माणसासाठी नियम मोडला तर मग तो नियम कसला?" वहिनींना त्या दिवशी मोकळं वाटलं असावं. संध्याकाळी दोघांनी मला जेवायला बोलावलं, धपाटे आणि दही होतं, आणि वहिनी पुष्कळ बोलल्या. सर मात्र पुन्हा आमच्या भागात प्रदर्शनाचं नाव काढेनात. जिल्ह्यात एक घर मिळवायचं तर त्याची सुरुवात स्वतःच्या घरापासून करायची होती, आणि तिथंच ते हरले होते.

चुलतीचं म्हणणं खरं झालं नाही. दोन-अडीच वर्षांत वहिनींना कॅन्सर निघाला. लातूरच्या चकरा सुरू झाल्या. केस गेले, मग अंग गेलं, मग आवाज गेला तो अर्धाच राहिला. शेवटी डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा. सर दुकानात यायचे आणि नुसते बसायचे. मी चहा मागवायचो, तो गार व्हायचा. त्यांना बघून मला वाईट वाटायचं आणि रागही यायचा, का ते सांगता येत नाही.

एके दिवशी आले ते उभ्या उभ्याच बोलले. "ती फोटो मागायली."

"कुठला?"

"तोच. म्हणती, मी कशी दिसत होते ते मला बघायचंय. एकदाबी नीट बघितला न्हाई म्हणती."

मला एकदम हातोडी आठवली. मोबाईलवरसुद्धा त्यांनी त्या फोटोची खूण ठेवली नव्हती. आमच्या दुकानातूनच सर घेणाऱ्यांना फोन लावत बसले. एकजण परदेशी गेला होता. एकानं भेट म्हणून कुणाला तरी दिला होता. दोघांनी फोन उचलले नाहीत. शेवटी त्या पुण्याच्या बाई. त्यांनी पुरतं ऐकूनही घेतलं नाही, म्हणाल्या, या आणि घेऊन जा, पाहिजे तितके दिवस ठेवा. सर मिळेल त्या गाडीनं गेले. या खेपेला पाइप नव्हता. मीच केलेली फ्रेम गोधडीत गुंडाळून मांडीवर घेऊन आले. केजच्या पुढं गाडी आदळली आणि काचेला तडा गेला, म्हणून आधी माझ्याकडे आणली. मी काच बदलली, हातमोजे घालून. मग माझी हत्यारांची पिशवी घेऊन त्यांच्याबरोबर घाटनांदूरला गेलो.

वहिनी पुढच्या खोलीत बाजेवर होत्या. डोक्याला पदर घट्ट गुंडाळलेला. चेहरा एवढासा. सरांनी फ्रेम त्यांच्या पायांपाशी उभी धरली, खिडकीचा उजेड काचेवर येणार नाही अशी. वहिनी पुष्कळ वेळ बघत राहिल्या. इतका वेळ की सरांचे हात भरून आले, तरी त्यांनी फ्रेम खाली ठेवली नाही.

"भाकर करपली होती त्या दिवशी," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या पायी."

"हां."

"लई चांगली दिसत होते की मी. कावून न्हाई सांगितलं?"

"रोज सांगत होतो. तूच तिकडं तोंड करून बसायचीस."

वहिनींच्या तोंडावर हसू आल्यासारखं झालं. पुन्हा थोडा वेळ बघून घेतलं. मग माझ्याकडे वळल्या. "भाऊ, हत्यारं आणलीत का?"

"आणलीत की वहिनी."

"मग लावा आता. ह्या समोरच्या भिताडावर. मला हितून दिसंल असा."

मी पिशवीत हात घातला. आनंदानंच घातला, खोटं कशाला बोलू. खिळा काढला, हातोडी काढली, आणि कुठं ठोकू म्हणून सरांकडे पाहिलं. सर हलले नाहीत. या एका वाक्यासाठी त्या माणसानं अर्धं आयुष्य भांडणात घालवलं होतं. ते वाक्य आज आलं होतं, आणि ते कसलं वाक्य आहे हे माझ्याआधी त्यांना कळलं होतं. त्यांनी फ्रेम छातीशी धरली, फोटो आतल्या बाजूला करून.

"आज नको," ते म्हणाले.

"कावून? एवढी वर्सं जीव खाल्ला माझा, लावू लावू म्हून."

"भिंतीला ओल हाय. खिळा धरायचा न्हाई."

वैशाख होता. गावातल्या विहिरी तळाला गेल्या होत्या, बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं. मी उठलो आणि वहिनींना दिसेल असा भिंतीवरून हात फिरवला. चुना ठणठणीत कोरडा होता, तळव्याला पांढरी पूड लागली. ती मी पाठीमागं विजारीला पुसली.

"खरंच वहिनी, लई ओल हाय," मी म्हणालो आणि हातोडी पिशवीत टाकली. "दिवाळीला रंग देऊ, मग लावू."